क्लोरीनकाकांचे जंतू

गेली एकवीस वर्षं अख्ख्या शहराच्या पाण्याला पास-नापास करणारे क्लोरीनकाका घरच्या पाण्यात सपशेल नापास झाले. पण काकांच्या मते असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही ते वाचलं नाही असं धरून नव्यानं सुरुवात करू.

तर, पाणीपुरवठा खात्याच्या क्वार्टरमध्ये माशांसाठी काचेची नवी टाकी आली. वाळू, दगड, पंप, फिल्टर, सगळा थाट. लेकीचे आधीचे दोन मासे बरणीत तीन दिवसांत गेले होते, म्हणून तिनं आधीच बजावलं, "बाबा, या वेळी मेले तर मी तुमच्याशी बोलणार नाही. दहावी होईपर्यंत."

लेक चौथीत होती. काकांनी बोटांवर वर्षं मोजली.

माशांचा दुकानदार तर तिच्याहून कडक. आधी पाणी तपासणार, मगच मासे देणार. काकांनी नेलेल्या बाटलीत त्यानं दोन थेंब टाकले आणि मान हलवली. "नापास. क्लोरीन टाकलंत?"

"सवयीनं हात गेला हो."

"अहो, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाणारे जंतू लागतात. तुमच्या पाण्यात एकही नाही."

"एकही नाही?" काकांची छाती फुगली. मग लेकीचा चेहरा आठवला आणि ती होती तिथे आली. "बरं... साधारण किती लागतील?"

काकांनी टाकीत नवं पाणी भरलं आणि क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवलं. मग दुकानदारानं आपल्या जुन्या फिल्टरमधला शेवाळलेला स्पंज दिला. काकांनी तो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घरी आणला. ते फक्त चपला काढायला वळले, तेवढ्यात त्यांच्या आईनं स्पंज भांड्यांच्या साबणानं घासून दोरीवर वाळत घातला.

"किती घाण होता रे! बघ कसा लख्ख निघाला."

"आई, कोट्यवधी होते त्यात!"

"कोण?"

"जंतू!"

"मग बरंच झालं की!"

दुसरा स्पंज आला तेव्हा लेक स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. जंतूंची उपासमार नको म्हणून काका रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकू लागले. शेजारच्या काकू डोकावल्या. "मासे दिसत नाहीत ते?"

"मासे नाहीत, जंतू पाळलेत," लेक ऐटीत म्हणाली. काकू हातातला चहा तसाच ठेवून गेल्या. वीज गेली की बापलेक सायकलच्या पंपानं आळीपाळीनं टाकीत हवा मारत आणि आजी "चालू द्या" म्हणून आतल्या खोलीत जात.

पाचव्या आठवड्यात काका कचेरीत होते. साहेब शहराच्या शुद्ध पाण्याबद्दल खात्याची पाठ थोपटत होते, इतक्यात टाकीतलं पाणी तपासून दुकानदाराचा फोन आला. काका खुर्चीवर चढले. "जंतू झाले! भरपूर झाले! पास!"

तीन इंजिनियर व्हॉल्व्ह बंद करायला धावले. साहेबांच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडापाशीच थांबला. सगळा उलगडा होऊन शहराचं पाणी पुन्हा सुरू व्हायला दोन तास गेले. तोवर काका सहा मासे घेऊन घरी पोहोचलेही होते. मासे टाकीत सुसाट फिरत होते आणि लेक इतकं बोलत होती की काकांना हूं म्हणायलाही जागा मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "क्वार्टरमधलं पाणी खात्याचं. खात्याच्या पाण्यात जंतू आढळले तर चोवीस तासांत क्लोरीन. हा नियम कुणी लिहिलाय?"

"मीच, साहेब."

"मग टाका."

काका जागेवर आले, कोरा कागद ओढला आणि एका दमात लिहून काढलं:

"महोदय, सदर जंतू सुट्टी न घेता अहोरात्र पाणी स्वच्छ करीत असून हेच आपल्या खात्याचे काम आहे. सहा मासे आणि एका मुलीचे बोलणे त्यांच्यावर अवलंबून आहे. तरी त्यांच्यावर क्लोरीनची कारवाई न करता त्यांना खात्याच्या सेवेत कायम करावे, आणि संख्या मोठी असल्याने हजेरीपटावर प्रत्येकाच्या सहीचा आग्रह धरू नये, ही नम्र विनंती."