चहाच्या मळ्यात चहाचा पुडा

दौलतभाऊंच्या दुकानात चहा उकळत असताना बोलायला बंदी होती. देवळीच्या बसस्टँडसमोर त्यांचं खुल्या चायपत्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ते आधी स्टोव्हवर अर्धा कप चहा मांडायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. एकदा तहसील कचेरीतले एक साहेब नेमके तेव्हाच पाऊसपाण्याचं विचारायला लागले. त्यांनाही हे बोट दाखवण्यात आलं. चहा गाळून झाल्यावर भाऊ शांतपणे म्हणाले, "आता बोला साहेब. पत्ती बोलत होती, मंधात आपन काऊन बोलाचं?"

त्यांच्याकडून पाव किलो पत्ती घेणं हे सोयरीक जुळवण्याइतकं किचकट काम होतं. घरात माणसं किती, दूध गाईचं की म्हशीचं, म्हातारी गोड पिते की फिकं, सगळं सांगावं लागे. मग चार डब्यांतून मुठी मुठी काढून ते मिश्रण करायचे आणि तळहातावर घेऊन हुंगायचे. मी तिथला शाळामास्तर आणि त्यांचा शेजारी. माझ्या बायकोनं एकदा सकाळचीच पत्ती दुपारी पुन्हा उकळल्याचं कबूल केलं, तर त्यांनी महिनाभर तिला चांगली पत्ती दिलीच नाही. "वहिनी, तुमी तिले छळता," एवढंच कारण सांगितलं.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यानं त्यांना नमुन्याचा एक पुडा पाठवला. त्यावर फेअर ट्रेडचा शिक्का होता. मजकूर इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं की हा चहा निलगिरीतल्या एका मळ्यातला आहे, घेणारा थोडे जास्त पैसे देतो आणि त्या पैशांचं काय करायचं ते मळ्यातले कामगारच बसून ठरवतात. तो पुडा तीन दिवस गल्ल्यावर त्यांच्यासमोर होता. चौथ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी लिहा. आपन जाऊन येऊ. मले ही पत्ती वेचनाऱ्या बाईले भेटाचं हाये."

मला वाटलं, थेट मळ्यातून माल उचलायचा विचार असणार. तसं विचारलं तर ते चिडलेच. ती पत्ती नागपूरहून मागवून आपण विकतोच आहोत, भेटायचं आहे ते बाईला. मी चिठ्ठी लिहिली, मळ्याकडून या म्हणून उत्तर आलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो.

सेवाग्राम स्टेशनवर त्यांच्या पिशवीत मला किलोभराचा एक पुडा दिसला. चहाच होता, त्यांनी स्वतः मिसळलेला. चहाच्या मळ्यात चहा कशाला, असं मी म्हटलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. "कोनाच्या घरी रिकाम्या हातानं जातेत का?"

मळ्याचे मॅनेजर तरुण आणि सालस होते, हिंदी चांगलं बोलत. त्यांनी आधीच सांगितलं की चार वाजताची बस चुकवू नका, नंतर खाली जायला गाडी नाही. मग कारखाना दाखवला. जाळीच्या लांबलचक हौदांत हिरवी पानं सुकत पडली होती, पुढं यंत्रात ती पिळून निघत होती आणि त्यापुढं पसरून ठेवलेला पाला हळूहळू तांब्याच्या रंगाचा होत होता. त्या पाल्यापाशी भाऊ थांबले आणि आम्हा दोघांना ओठांवरचं बोट दाखवलं. मागं यंत्रं धडाडत होती. मॅनेजर बिचारे गप्प उभे राहिले.

चव घ्यायच्या खोलीत घोटाळा झाला. टेबलावर ओळीनं वीसेक वाट्या मांडलेल्या, बिनदुधाच्या. चमच्यानं सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा, असं मॅनेजरांनी करून दाखवलं. भाऊंचा चेहरा पडला. एवढ्या मेहनतीचा चहा थुंकायचा, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी एकेक वाटी उचलली आणि तळापर्यंत प्यायली. मग व्हायचं तेच झालं. पुढचा पाऊण तास भाऊ मोरीच्या वाऱ्या करत होते आणि मी घड्याळ बघत होतो.

तीन वाजून गेले. बायका आज पलीकडच्या उतारावर आहेत, चालत गेलात तर बस चुकेल, पुढच्या वेळी नक्की भेटवू, असं मॅनेजर म्हणाले. भाऊ कारखान्याच्या पायरीवर बसले. "पुढची खेप कोनं पाह्यली? मी बाईले भेटल्याबिगर उतरत नाई." मॅनेजरांनी त्यांच्या मांडीवरचा पुडा पाहिला आणि जीप काढली.

पाठीला टोपल्या लावून बायका खुडत होत्या. मुकादमानं एका वयस्क बाईला हाक मारली. भाऊंनी तिची बोटं पाहिली. चहाच्या रसानं ती काळी पडली होती. तिनं दोन पानं आणि कळी खुडून दाखवली. भाऊंनी दोन्ही हातांनी पुडा पुढं केला आणि चक्क आपल्या वऱ्हाडीत सांगितलं, "यात तुह्या मळ्याची पत्ती मिसळली हाये, माय." तिनं पुडा उघडून हुंगला, हसली आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मुकादमानं हिंदीत सांगितलं, ती विचारतेय, तुमच्या गावातल्या लोकांना आवडतो का?

साहेबांना गप्प बसवणाऱ्या या माणसाला शब्द सापडेना. शेवटी कसंबसं म्हणाले, "आवडते, माय. लय आवडते."

चारची बस आम्ही धावतपळत गाठली. घाट उतरेपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. मी बरीच वर्षं त्यांना विक्षिप्त समजत आलो होतो, त्याची मला त्या बसमध्ये लाज वाटली. खाली सपाटीला लागल्यावर ते माझ्याकडं न बघता बोलले.

"माह्या मायनं जलमभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, मास्तर. तुह्या कापसाचा सदरा माह्या अंगात हाये, असं सांगाले तिच्याकडे कोनीच आलं नाई."

माझ्या अंगात त्या दिवशी सुती सदराच होता.