दाजी तांडेलांची रेघ

रोज सकाळी दाजी तांडेल काठीने पुळणीवर रेघ मारायचे, माडांपासून थेट पाण्यापर्यंत. अलीकडे आमची वाडी, पलीकडे ख्रिस्तांववाडी. भरती आली की समुद्र ती पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी दाजी पुन्हा हजर. मी तेव्हा, एकोणीसशे साठच्या आसपास, गावच्या शाळेत नवा मास्तर होतो, आणि खोटे कशाला सांगू, हा तमाशा पाहूनच शाळेला जायचो.

दाजी आमच्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, तांडेल, म्हणजे मुख्य. आपल्या वाडीत कुणाची होडी फुटली तर हातातला घास टाकून धावायचे. पलीकडच्यांकडून मात्र विडीपुरता विस्तवसुद्धा घ्यायचे नाहीत. "आपलो तो आपलो, पलीकडचो तो पलीकडचो," हे त्यांचे वेदवाक्य.

पलीकडचा तांडेल पास्कू. तो रोज येऊन रेघ वाकडी आहे, वीतभर त्यांच्या हद्दीत घुसली आहे, म्हणून कुरकुरायचा. मग तासभर भांडण. भांडून झाले की दाजी घरी जात. बायको वारलेली, मुलगा मुंबईला गिरणीत, घरात बोलायला फक्त मांजर.

एकदा पास्कू तापाने पडला. तीन दिवस दाजी रेघ मारून नुसते काठी टेकून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ख्रिस्तांववाडीच्या रापणीत बांगडा लागला, तोही असा की जाळे हलेना. त्यांची निम्मी माणसे लग्नाला गेलेली. जाळे फाटले असते तर अख्ख्या वाडीचा हंगाम बुडाला असता. आमचे लोक अलीकडे बसून मजा बघत होते.

दाजी उठले. मला वाटले, चिडवायला चालले. त्यांनी स्वतःचीच रेघ ओलांडून दोर धरला आणि आमच्यावर खेकसले, "बघतास काय? ओढा."

सगळे धावले. माझ्याही हाताची साले निघाली.

दोराला हात लावील त्याला वाटा, हा रापणीचा नियम. पलीकडच्यांनी दाजींना टोपलीभर बांगडे दिले. ते घेऊन दाजी तडक पास्कूच्या घरी गेले, मागोमाग मी. टोपली खाटेपाशी ठेवली. तांडेल म्हणून आपला वाटा तर कधीच घरी आला, मग हा कसला, असे पास्कूने विचारले. दाजींनी टोपली पायाने खाटेखाली सरकवली.

"बेगीन उठ रे," ते म्हणाले. "तीन दिवस रेघ मारतंय, पण वाकडी म्हणूक कोण येणा नाय."