पाच ताऱ्यांची पश्चिमेकडची खोली

घर गरम आहे की थंड, हे त्यात राहणाऱ्याला कळत नसतं. त्याला फक्त घाम येतो, आणि घाम हा काही पुरावा नव्हे. म्हणून हल्ली नव्या घरांना तारे देतात. कमी वीज खाणाऱ्या घराला पाच, खादाड घराला एक. (बिनताऱ्यांच्या घरातही लोक राहतात. दिल्लीच्या मयूर विहारात आम्ही सगळे जन्मभर राहिलो, पण त्याला राहणं म्हणावं का, याबद्दल आता शंका येते.)

नोएडाच्या पुढे, जिथे मेट्रो येणार आहे आणि कित्येक वर्षं येणारच आहे, तिथल्या आमच्या टॉवरला पाच तारे आहेत. मी टॉवरचा सेक्रेटरी. लॉबीतली ताऱ्यांची पितळी पाटी मी स्वतः पुसून घेतो.

तारे कसे मिळतात ते सांगतो, म्हणजे उगाच संशय नको. भिंत किती तापेल, खिडकीतून किती ऊन शिरेल, हे सगळं नकाशावरून काँप्युटरमध्ये घालतात. मग काँप्युटर त्या घरात एक कुटुंब राहायला ठेवतो. कुटुंब फार गुणी. एसी सव्वीसवर लावतं, संध्याकाळी खिडक्या उघडतं (नोव्हेंबरातल्या धुरातसुद्धा), पाहुणे बोलावत नाही आणि म्हातारं होत नाही. ज्या खोलीत एसीच नाही ती वीज खात नाही, म्हणून ती सर्वोत्तम. आमच्या प्रत्येक फ्लॅटला पश्चिमेकडे अशी एक खोली आहे. नकाशात तिचं नाव 'बहुउद्देशीय'. जूनमध्ये तिथे लोणच्याची बरणी ठेवली तर वेगळं ऊन दाखवावं लागत नाही. पाचवा तारा आम्हाला याच खोलीने मिळवून दिला.

माझ्या शेजारी जयदीप आणि रेवती राहतात. त्यांच्याकडे या खोलीचा उद्देश म्हणजे दीनानाथ, जयदीपचे वडील. केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त, वय ऐंशीच्या घरात. मयूर विहारचा त्यांचा फ्लॅट विकून हे घर घेतलं. तिथला कूलर मात्र आणला नाही, पाटीला शोभला नसता. बाकीच्या दोन्ही बेडरूममध्ये एसी आहे. एकीत जयदीप-रेवती, दुसरीत मुलगा मानस, कारण त्याची बोर्डाची परीक्षा आहे. (यंदा नाही, पण आहे.) बाबांच्या खोलीत का नाही, असं कुणी विचारलं तर रेवती सांगते, "बाबांना एसी सोसत नाही यार, सांधे धरतात." जयदीपही तेच सांगतो. शेजारधर्म म्हणून मीही तेच सांगतो.

मे महिन्यात दीनानाथ चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. घरात बसून कसं लागेल, असं आम्ही विचारलं, तर ते खोली बघून आले आणि म्हणाले, "इथे एसी लावा. पुढच्या वेळी मला बोलवायला उशीर होईल."

जयदीपने अर्ज केला. तिसऱ्या एसीला सोसायटीची परवानगी लागते, कारण एकाने लावला की सगळे लावणार, आणि ताऱ्यांचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. रविवारी लॉबीत सभा भरली. लॉबीचा एसी अठरावर असतो. (तो ताऱ्यांत धरत नाहीत, कारण लॉबीत कुणी राहत नाही.) अध्यक्ष नीरजजी हात जोडून म्हणाले, "अंकलजी, आपकी तबीयत सबसे पहले है. बस, रेटिंग के तुरंत बाद."

मी आकडेवारी मांडली. टॉवरमध्ये ज्येष्ठ नागरिक साठ. पैकी एसी न सोसणारे, साठ. विज्ञानाने या योगायोगाची अजून दखल घेतलेली नाही.

तेवढ्यात दीनानाथ उभे राहिले. "मला सोसतो," ते म्हणाले. "सगळी नोकरी एसीत काढली मी. सोसतो का, हे मला कुणी विचारलंच नाही."

रेवतीने पदर सारखा केला. जयदीप पाटीकडे बघत राहिला. मग मतदान झालं. परवानगी नाकारावी या बाजूने एकमत झालं, म्हणजे जयदीपचा हात अर्धाच वर गेला होता, पण अर्धा हात पूर्ण धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

सोसायटी निर्दय नाही. दुपारभर दीनानाथांना लॉबीत बसण्याची खास मुभा दिली. (सोफा पाहुण्यांसाठी असल्यामुळे खुर्ची त्यांनी आपली आणायची.) ते रोज पाटीखाली बसतात. परवा फ्लॅट बघायला आलेल्या एका जोडप्याने त्यांनाच विचारलं, "अंकल, घर ठंडा रहता है?"

"मी इथे बसतो," दीनानाथ मराठीत म्हणाले. जोडप्याला ते कळलं नाही. मी पुढे होऊन तारे मोजून दाखवले आणि त्यांना ते पटले.

तुम्हाला आता आमचा राग आला असेल. येऊ दे. फक्त जरा उठा आणि आपल्या घरातून एक चक्कर मारून या. कुठल्या खोलीत एसी नाही ते बघा, आणि तिथे कोण झोपतं तेही बघा.

हो, हो, माहीत आहे. त्यांना सोसत नाही.