सर झोपले तर पास

पावसकर सर वर्गात झोपले, की आमच्या शाळेत आनंदीआनंद व्हायचा. सर आमचे केंद्रप्रमुख. रत्नागिरीच्या आसपासच्या शाळांत जाऊन शिक्षकांचे पाठ पाहायचे आणि शेरा द्यायचा, हे त्यांचं काम. ते शेवटच्या बाकावर बसायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. घोरले तर पाठ उत्तम, पेंगले तर बरा. जागे राहिले, तर त्या शिक्षकाचं काही खरं नसायचं.

"दापोलीच्या एसटीत वळणावळणाला डोळा लागला, म्हणजे ड्रायव्हर चांगला," हे त्यांचं शास्त्र. "टक्क जागे राहिलात तर समजा, गाडी नवशिक्याच्या हातात आहे." यावर वाद घालायची सोय नव्हती, कारण सर ज्या वर्गात घोरले तिथली पोरं खरंच हुशार निघायची.

माझी शिक्षण सेवकाची तीन वर्षं संपत आली होती. सरांचा शेरा चांगला आला तरच नोकरी कायम होणार होती. मी चौथीला अपूर्णांक घेतले. तांदळाची भाकरी मोडून पाव, अर्धी, पाऊण करून दाखवली. पोरं पटापट उत्तरं देत होती आणि सर मात्र जागे! मी आवाज मऊ केला. अंगाई म्हणायची तेवढी बाकी ठेवली.

"बाई, सर झोपत नायत!" पुढच्या बाकावरची सानिका कुजबुजली. माझ्या हातातला खडूच पडला.

तास संपला तेव्हा मी रडकुंडीला आले होते.

"शेरा उत्तम दिलाय. घाबरतेस कशाला गो?" सर म्हणाले.

"मग झोपला नाहीत ते?"

"उद्या रिटायर होतोय. शेवटचा पाठ झोपून कसा घालवू?" मग चष्मा पुसत म्हणाले, "आमची ही गेली, पोरं मुंबईला. घरात इतकं शांत असतं, की रात्र रात्र डोळा लागत नाय. तुमच्या वर्गातल्या गलक्यात काय ती झोप यायची."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

"सर, पुढचा तासही माझाच आहे. बसा ना," मी म्हटलं.

सर बसले. मी पोरांना पाढे म्हणायला लावले. सहाचा संपायच्या आत त्यांची मान कलली.

शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात आले. "बाई, जरा हळू. सर झोपलेत."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि पोरांकडे वळले. "हं, आता सातचा. मोठ्याने!"