विहिणीच्या पंगतीला बटाटा

नेमूआण्णा कुणाच्याही घरी चहा प्यायच्या आधी तो मोजतात.

मोजतात म्हणजे खरोखरच मोजतात. शर्टाच्या खिशातून वीतभर लांबीची, दुर्बिणीसारखी दिसणारी एक नळी काढतात, बशीत गार केलेल्या चहाचा थेंब तिच्या काचेवर टाकतात, एक डोळा मिटून नळी उजेडाकडे धरतात आणि निकाल देतात. "वैनी, सोळा ब्रिक्स. गेल्या मंगळवारी चौदा हुता. कोण पाव्हणं आलतं व्हय?" ब्रिक्स म्हणजे रसात साखर किती, याचा आकडा. उसाच्या रसाला तो लागतो हे मला मान्य आहे. माझ्या चहाला तो का लागावा, हे सांगलीत त्यांच्या शेजारी राहून पंधरा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. पाहुणे आले होते, हे मात्र खरं होतं.

दाखल्यावर नाव नेमगोंडा. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं केमिस्ट. निवृत्त झाले, कारखाना सुटला, पण गाळप काही सुटलं नाही. आमच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढा हातात घेऊन म्हणाले, "बारा वर्षं शाळंत गाळप केलंसा, आन् रिकव्हरी अडुसष्ट?" लग्नाच्या मांडवात ते जेवायला बसण्याआधी जिलबीच्या पाकाकडे जातात. आचाऱ्यांनी त्यांना दोन वेळा तिथून हाकललं आहे. मी कोरेगावकडची. आमच्याकडे मनात ठेवायची पद्धत नाही. एकदा वैतागून मी म्हणाले, "आण्णा, उद्यापासून तुम्हाला बिनसाखरेचा काळा चहा." तर म्हणाले, "लय बरं हुईल. यंत्र शून्य दावतंय का, तेबी तपासून हुईल."

असे हे आण्णा डिसेंबरातल्या एका सकाळी चहा न मोजताच प्याले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"वैनी," ते म्हणाले, "विहिणीची पंगत ऱ्हायलीया."

त्यांची एकुलती एक लेक सुजाता इटलीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच मार्को नावाच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मांडव नाही, वरात नाही, आणि वरमाईला मानाने बसवून जेवू घालायची ती विहिणीची पंगतही नाही. आता सुजाता, मार्को आणि मार्कोची आई लुचियाबाई, तिघं चार दिवसांसाठी सांगलीला येणार होती.

"मग करू की पुरणपोळी," मी म्हणाले.

"पुरणपोळी न्हाई. न्योक्की."

न्योक्की म्हणजे उकडलेल्या बटाट्यात मैदा घालून वळलेले बोटाच्या पेराएवढे गोळे. उकळत्या पाण्यातून काढायचे आणि रश्श्यात घालायचे. लुचियाबाईंच्या घरी ती सणावाराला होते. मी म्हणाले, इतक्या लांबून येऊन बाईंनी त्यांच्याकडचंच का खायचं? तेव्हा आण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वी आक्का, म्हणजे आण्णांची बायको, गेली. दिवसकार्य आटोपून सुजाता परत गेली आणि तिचं खाणं-पिणं तुटलं. तेव्हा तिचं लग्नही ठरलेलं नव्हतं. पण मार्कोच्या आईने मोबाईलवर बघून बघून, सतरा वेळा करपवून, तिला वरणभात करून घातला होता.

"माझ्या लेकीला तिनं तिच्या आईच्या हातचं करून घाटलं," आण्णा म्हणाले. "आता तिला तिच्या घरचं मी करून घालणार. सवताच्या हातानं."

मला भरून आलं. पण दुसऱ्याच क्षणी मी भानावर आले. आण्णा जैन. त्यांच्या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही. कांदा नाही, लसूण नाही, आणि बटाटा तर नाहीच.

"म्हणून तर तुमच्याकडं आलोय," ते म्हणाले. "आक्काच्या चुलीवर बटाटा चढवायचा न्हाई. आन् मी काय त्यो तोंडात घालणार न्हाई. चाखायचं काम साहेबांकडं."

साहेब म्हणजे आमचे हे. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता होकार दिला. खाण्याच्या बाबतीत ते कधीच चौकशी करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझं स्वयंपाकघर प्रयोगशाळा झालं. तराजू आला, थर्मामीटर आला, एक वही आली. पहिला घाणा आण्णांनी बाजारातल्या नव्या बटाट्यांचा लावला. बटाटे पाण्यात उकडले, कुस्करले, मैदा घातला, गोळे वळले आणि उकळत्या पाण्यात सोडले. दोन मिनिटांनी झाकण काढून बघतो, तर पातेल्यात गोळे नव्हतेच. पतंगाला लावायची खळ होती. आण्णांनी वहीत लिहिलं, "नमुना एक. नापास. कारण, पाणी."

मग ते मंडईत गेले. जाताना मिठाच्या पाण्याने भरलेली बादली घेऊन गेले. मीही गेले, कारण मला ते बघायचंच होतं. ढिगाशी बसून ते एकेक बटाटा बादलीत सोडायला लागले. "बुडतोय त्यो पिठाळ, तरंगतोय त्यो पाण्याचा," असं मला समजावत होते. भोवती माणसं जमली. शेवटी भाजीवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं आण्णा, म्या बटाटं इकाया बसलेय, त्यास्नी पवाया शिकवाया न्हाई!" तिच्या ढिगातले सगळे तरंगले. एकही बुडेना. आण्णा तिला अगदी सहानुभूतीने म्हणाले, "तुजा माल वाईट न्हाई, बाई. वला हाय." ती जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

मी माहेरी फोन लावला. आमच्या कोरेगावकडचा बटाटा म्हणजे खरा बटाटा, हे मी लग्न झाल्यापासून सांगलीकरांना सांगत आले आहे आणि कुणी मनावर घेतलेलं नाही. भावाने दसऱ्याच्या सुमारास काढलेला, दोन महिने मुरलेला बटाटा पोत्यात भरून सांगलीच्या एसटीत टाकला. स्टँडवर पोतं उतरताच आण्णांनी तिथल्या तिथे बादली मांडली. पहिला बटाटा बुडाला. दुसरा बुडाला. पाचवाही बुडाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून चक्क हात जोडले. स्टँडवरच्या लोकांना काय वाटलं असेल ते असो, पण माझ्या माहेराचा असा मान कुणी केला नव्हता.

त्या बटाट्यांचा तिसरा घाणा मात्र मी नासवला. कबूल करते. आण्णा कणकेला नुसते चार हात लावायचे आणि सोडून द्यायचे. असं ओबडधोबड पीठ ओट्यावर पडलेलं मला बघवेना. ते गाळणं आणायला घरी गेले, तेवढ्यात मी तेलाचा हात लावून ते पुरणपोळीच्या कणकेसारखं चांगलं वीस मिनिटं मळलं, तिंबलं आणि ओल्या फडक्याखाली ठेवून दिलं. साळसूदपणे गप्प बसले. ती न्योक्की खाताना आमच्या ह्यांची कवळी जागची हलली. आण्णांनी एक गोळा फरशीवर टाकून बघितला. तो उडाला. त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वैनी, ह्येला कुणी तरी मळलंया." मी म्हणाले, "न मळता पीठ ठेवायचं म्हणजे घरात बाई नसल्यासारखं दिसतं." त्यांनी लिहिलं, "नमुना चार. नापास. कारण, शेजार."

खरा गोंधळ चाखण्याचा होता. आण्णा चाखणार नाहीत, आणि आमचे हे प्रत्येक नमुन्याला "बरं आहे" म्हणायचे.

"बरं म्हंजे किती?" आण्णा वही उघडून विचारायचे. "दाताला चिकटतंय का? गिळायच्या आदी इरघळतंय का? आकडा सांगा, साहेब."

"बरं आहे," हे म्हणायचे आणि ताटली पुढे करायचे. आठवड्याभरात ह्यांनी पट्ट्याचं एक भोक सोडलं.

मऊपणा जमला तरी रूप येईना. न्योक्कीच्या अंगावर रस्सा धरायला बारीक रेघा लागतात. आण्णा काट्याच्या चमच्यावर गोळा दाबायचे आणि त्याची चपटी गोवरी व्हायची. दोन दिवस हे बघून माझा संयम संपला. "अहो, हे तर वळवट!" मी ओरडले. आमच्याकडे लग्नाआधी बायका जमून रुखवतासाठी गव्हले, मालत्या, शंखुल्या वळतात. शंखुली वळायची ती नव्या लाकडी फणीवर. मी बाजारातून कोरी फणी आणली, गोळा तिच्यावर ठेवला, अंगठ्याने हलकेच पुढे सारला. तो गुंडाळी होऊन खाली पडला. अंगावर मोजून घ्याव्यात अशा रेघा, पोटात खळगा. आण्णा बराच वेळ तो तळहातावर घेऊन बघत राहिले. "आक्काच्याबी अशाच व्हायच्या," एवढंच म्हणाले.

पंगतीचा दिवस उजाडला. रात्रीचं जेवण आण्णांकडे सूर्यास्ताच्या आत होतं, त्यामुळे हा खास डिनर दुपारच्या चहाच्या वेळेला सुरू होणार होता. मार्कोला त्याची गंमत वाटत होती. उंच, पिकल्या केसांच्या लुचियाबाई सुजाताने नेसवलेली इरकली साडी सावरत आण्णांच्या व्हरांड्यातल्या पाटावर कशाबशा बसल्या. भोवती रांगोळी. आण्णांनी त्यांच्या कपाळाला माझ्या हातून कुंकू लावायला लावलं आणि स्वतः कुंपणाच्या फटीतून माझ्या घरी पळत आले.

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. मी वळत होते, आण्णा घड्याळ लावून पातेल्यासमोर उभे होते. गोळे तळाशी गेले. आण्णांनी श्वास रोखला. मग एक वर आला, मागोमाग दुसरा, आणि बघता बघता सगळे वर येऊन तरंगायला लागले. ज्या माणसाने दहा दिवस बुडणारे बटाटे शोधले, त्याच्या डोळ्यांत ते तरंगताना बघून पाणी आलं. "वाफ हाय," ते म्हणाले. टोमॅटोच्या रश्श्याला तुपाची आणि हिंगाची फोडणी होती. पातेलं दोन्ही हातांनी धरून ते कुंपणापलीकडे निघाले, तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या कुलदैवताला नवस बोलून टाकला.

लुचियाबाईंनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबल्या. आण्णा डाव घेऊन तसेच उभे. बाईंनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मग न बोलता ताटली रिकामी करून पुढे धरली. परत वाढलं. परत रिकामी. चौथ्यांदा ताटली पुढे आली तेव्हा मार्को आईला काहीतरी बोलला आणि बाईंनी त्याला हातानेच गप्प केलं.

"इचार, आकडा किती?" आण्णा सुजाताला म्हणाले.

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं वर केली. आमचे हे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. बाईंनी एक गोळा उचलून रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कशावर वळलं? मी फणी आणून दाखवली. त्या मोठ्याने हसल्या आणि हवेतच अंगठा पुढे सारून दाखवला. अगदी तसाच, जसा माझ्या आईने मला शिकवला होता.

मग त्यांचं लक्ष आण्णांच्या ताटाकडे गेलं. त्यात भाकरी आणि वांगं होतं. ज्याने केलं तो का खात नाही, असं त्यांनी विचारलं. सुजाता म्हणाली, "आण्णांचं व्रत आहे."

"माजं कुटलं वरत?" आण्णा म्हणाले. "वरत तुज्या आईचं हुतं."

आण्णा पातेल्याजवळ बसले. "मी चौतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनला बटाटावडा खाल्लाय. रोज. दोन-दोन. आन् घरी येताना तोंड धुऊन यायचो. तिला म्हाईत हुतं. एक सबद कवा बोलली न्हाई. दारातच हातावर वेलदोडा ठेवायची आन् म्हणायची, आत या." त्यांनी पातेल्याचं झाकण नीट बसवलं. "ती गेल्यावर गेलतो की कँटीनला. वडा हातात घेटला. तोंडात जाईना. वैनी, चोरून खायाला घरात कुणी तरी लागतंय."

सुजाता रडत रडतच सासूला सांगत होती. लुचियाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग साडी गोळा करून त्या पाटावरून उठल्या आणि सुनेला ठासून काहीतरी म्हणाल्या.

"आण्णा," सुजाता डोळे पुसत म्हणाली, "त्या म्हणतायत, दिवस मावळायला अजून दहा मिनिटं आहेत. आम्ही सगळे तिकडे तोंड करून उभे राहतो. आम्ही काही बघणार नाही."

आम्ही पाचही जण व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. आमचे हे, मी, सुजाता, मार्को आणि मध्ये इरकलीतल्या लुचियाबाई. समोरच्या घरावर उतरतं ऊन होतं. मग मागे पातेल्याचं झाकण सरकलं. ताटलीवर चमचा वाजला. थोड्या वेळाने परत वाजला.

"वैनी," मागून घोगरा आवाज आला, "मीठ कमी पडलंया."

कुणीही मागे वळून बघितलं नाही.