बिनगळाचे घेवरचंदशेठ

विसरवाडीच्या मागे जो पाझर तलाव आहे, तिथे दर रविवारी सकाळी एक गृहस्थ मरळ धरायला जातो आणि त्याच्या दोरीला गळ नसतो. गळ तुटलेला नसतो, घरी विसरलेला नसतो. तो लावलेलाच नसतो. हातात सुरतेहून आणलेली छडी, तिला चकचकीत रीळ, दोरीच्या टोकाला रबराचा बेडूक, आणि बेडकाच्या पोटाखाली जिथे साऱ्या दुनियेचे लोक गळ बसवतात तिथे रिकामी जागा. मरळ शेवाळ फोडून वर येते, बेडूक तोंडात धरते, चावते, आपण फसलो हे तिच्या लक्षात येते, मग ती तो थुंकते आणि चालती होते. गृहस्थ डोळे मिटून समाधानाने मान हलवतो आणि पुन्हा बेडूक फेकतो.

हे आमचे शेजारी घेवरचंदशेठ. फाट्यावर त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले आणि इथेच राहिले. घर कट्टर जैन, कांदा-लसूणसुद्धा उंबरठ्याच्या बाहेर. मी बसस्थानकावरचा वाहतूक नियंत्रक. बदलीवर आलो आणि इथलाच झालो. मी मासे खातो. खातो म्हणजे, नुसतं मरळीचं नाव निघालं तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत हाताएवढी लांब मरळ दर रविवारी सुखरूप घरी जाते, हा माझ्यावरचा उघड अन्याय आहे आणि तो मी गेली कित्येक वर्षं सोसतो आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाबडेपणाने म्हणालो, "शेठ, गळ लावायचा राहिला वाटतं."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तुन्हं काय जाई ऱ्हायनं?"

तुझं काय जातंय, असा याचा अर्थ. शेठ घरात मारवाडी बोलतात, पण बाजारात त्यांची अहिराणी आमच्यापेक्षा अस्सल. अहो-जाहोच्या भानगडीत ती भाषा फारशी पडत नाही आणि शेठ तर मुळीच पडत नाहीत. 'तुन्हं काय जाई ऱ्हायनं' हे त्यांचं सगळ्यांना ठरलेलं उत्तर. दुकान रविवारी बंद का, या वयात उन्हात कशाला बसता, टोपी उलटी का घातली, सगळ्याला एकच. समोरचा खरंच विचार करायला लागतो की आपलं काय जातं. तोवर शेठ निघून गेलेले असतात.

गळ नसला म्हणून त्यांच्या कामात ढिलाई असेल असं कुणी समजू नये. बेडूक ते स्वतः बनवतात. जुन्या चपलेचा तळ कापून त्याचं अंग, लुगड्याच्या जरीकाठाच्या झिरमिळ्यांचे पाय, पोटात शिशाचा तुकडा. दुकानात गिऱ्हाईक गूळ मागत उभं असतं आणि शेठ गल्ल्यावर बसून बेडकाला पाय शिवत असतात. मरळीला श्वास घ्यायला वर यावं लागतं. तिचा बुडबुडा कुठे फुटला हे बघायचं, बेडूक त्याच्या बराच पलीकडे कमळाच्या पानावर टाकायचा, पानावरून हळूच पाण्यात सरकवायचा आणि थांबायचं. या थांबण्यावर त्यांचा सगळा जोर. आपल्याला धीर नसतो, आपण ओढत सुटतो. शेठ म्हणतात, "थांब ना. बेडूकले बी दम लागस."

हे त्यांना कुणी शिकवलं, तर त्यांच्या वडिलांनी. आणि वडिलांनी जन्मात छडी हातात धरली नाही. ते धर्म म्हणून तलावावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायला जात आणि परात उचलायला लहानग्या घेवरचंदला नेत. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, गोळी टाकताना पाणी उडवायचं नाही, कोणता मासा कुठल्या काठाला असतो ते लक्षात ठेवायचं, हे सगळं त्या परातीबरोबर आलं. रोहू यायचे, कटला यायचे, गोळ्या खाऊन जायचे. एकटी मरळ यायची, बघायची आणि तोंड फिरवायची. "मरळ फुकटनं खात नही," असं शेठ आजही अभिमानाने सांगतात, जणू ती त्यांच्याच गोत्रातली. या मानी माशाला काय चालतं ते शोधण्यात त्यांचं तरुणपण गेलं.

एका चातुर्मासात समाजाची चार वडीलधारी मंडळी दुकानात आली. मासा मरत नसला तरी त्याच्या जिवाला त्रास होतो, तुमच्यासारख्याला हे शोभत नाही, असं त्यांनी समजावलं. बोलणं गोड होतं आणि खरं सांगायचं तर बरोबरही होतं. मी बाजूला साबण बघत उभा होतो. मला वाटलं, आता शेठ म्हणतील की मी तर धर्मासाठीच गळ काढला आहे. तसं म्हणाले असते तर पाहुणे खूश होऊन गेले असते. पण नाही.

"मी धरस कोठे?" शेठ म्हणाले. "मी इचारस, शे का? ती सांगस, शे. बस."

'शे' म्हणजे आहे. एवढ्या उत्तरावर मंडळी चहा न घेता गेली. शेठच्या पत्नी कमलाभाभींनी तेव्हापासून मागल्या दारी एक बादली भरून ठेवायला सुरुवात केली. तलावावरून आल्यावर अंघोळ झाल्याशिवाय शेठना घरात प्रवेश नाही. मासा मारला नाही, खाल्ला नाही, शिवलासुद्धा नाही, तरी माणसाला वास कसा येतो, हे कोडं त्या मला बरेचदा घालतात.

दुसरीकडे तलावाच्या ठेकेदाराची माणसं. त्यांनी एकदा शेठना चोर समजून पकडलं आणि पिशवी उपडी केली. त्यातून बेडूकच बेडूक पडले, गळ एकही नाही. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, सगळे बेडूक गोळा करून पिशवीत भरले आणि अगदी मायेने म्हणाले, "जा बाबा, बैस." तेव्हा मात्र शेठच्या अंगाचा तिळपापड झाला. "चोर म्हना, चाली," ते ओरडले. "येडा म्हनानं नही." त्यांनी आपल्याला चोर म्हणूनच ठेकेदारापुढे उभं करावं असा त्यांचा हट्ट होता. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

मला शिकवा, म्हणून मी किती मागे लागलो असेन. प्रत्येक वेळी नकार. त्यांचं म्हणणं, पूर्वी त्यांनी गावातल्या एक-दोघांना शिकवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्या लोकांनी दोरीला गळ लावला. "तू मरळ खास. तुले शिकाडं तर सोमवारले गळ लावशी." यात खोटं काहीच नव्हतं. मी सोमवारपर्यंत थांबलोही नसतो.

"शिकाडसू तर घरमाच," हा त्यांचा कायदा. आणि घरात शिकणारं कुणी नव्हतं. भाभींचा प्रश्नच नव्हता. एकुलता मुलगा मनीष सुरतेला कापडाच्या धंद्यात. इथून सुरतेची गाडी दिवसात केव्हाही मिळते, पण हा सणासुदीला येई, दुकानातच बसे आणि तलावाकडे पाठ करून परत जाई. ज्यांना शिकायचं त्यांना शिकवायचं नाही, ज्यांना शिकवायचं त्यांना शिकायचं नाही. माझी खात्री होती की ही विद्या शेठबरोबरच जाणार, आणि मला त्याचं फार वाईट वाटे. ते वाईट वाटणं निव्वळ मरळीपोटी नव्हतं, एवढा माझ्यावर विश्वास ठेवा.

या दिवाळीला मनीषबरोबर त्याची मुलगी खुशी आली. यंदा ती एकटी सगळीकडे हुंदडण्याइतकी मोठी झाली होती. गल्ल्याखालचा बेडकांचा डबा तिने हुडकून काढला आणि विचारलं, हे काय? शेठनी दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं, तिला मागच्या गोदामात नेलं, पोत्यांच्या पलीकडे नेम धरायला परात ठेवली आणि तिच्या हातात छडी दिली. दुपारभर गोदामातून परातीचा टणत्कार येत होता. शेठ मला दिसले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. घरातलं माणूस मिळालं होतं. उद्या रविवार होता.

तेवढ्यात मनीष आला. परात बघितली, छडी बघितली. "खुशी तलाववर जावाव नही," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, आता दणका बसणार. समाजाच्या मंडळींना ज्याने गप्प केलं, ठेकेदाराच्या माणसांवर जो ओरडला, तो आपल्या पोराला सोडतो काय? पण शेठनी दोरी रिळावर गुंडाळली, छडी कोपऱ्यात ठेवली आणि गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर जाऊन बसले. 'तुन्हं काय जाई ऱ्हायनं' हे शब्द त्या दिवशी त्यांना सापडले नाहीत. तो पडलेला चेहरा मला बघवेना.

मनीष संध्याकाळी बसस्थानकावर चहाला आला, तेव्हा मी त्याला धरलं. सरळ बोललो. बाप म्हातारा झाला, एवढी एक हौस, ती पोरीला देऊ द्यायला तुझं काय जातं, असं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि डाव्या डोळ्याखालची जागा बोटाने दाखवली. गालाच्या हाडावर एक पांढरा व्रण होता.

"मी धाकला व्हतू तव्हय बाऊजी गळ लावेत, काका," तो म्हणाला. "मरळ धरेत नि सोडी देत. माले संगे लई जायेत. एक दिन त्यास्नी छडी मांगे लयी, नि मी मांगे उभा व्हतू. गळ आठे घुसना. डोया थोडक्यात वाचना."

शेठ त्याला उचलून रस्त्यापर्यंत पळत गेले, ट्रक थांबवला, नवापूरच्या दवाखान्यात नेलं. हे त्याने सांगितलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

"घर उनूत, तशे बाऊजी आंगणमा बसनात नि पक्कड लिसन बठ्ठा, एकूण एक गळ तोडी टाकात. परत माले कव्हयच बलावं नही. मी रडनू म्हनीसन त्यास्ले राग उना, आसं माले वाटे. आजून बी वाटस."

नुसतं ऐकून घेणं माझ्यासारख्याला जमत नाही. मला राग आला, बापाचाही आणि लेकाचाही.

"अरे, रागावलेला माणूस छडी मोडतो, दोरी तोडतो," मी म्हणालो. "नुसता गळच का काढेल? आणि गळ काढून पुन्हा दर रविवारी तिथेच जाऊन का बसेल? समाजाची माणसं दुकानात आली तेव्हा धर्माचं नाव घेतलं असतं तरी सुटला असता तुझा बाप. घेतलं नाही त्याने. तू येशील तेव्हा तुला लागू नये म्हणून बसला आहे तो, इतकी वर्षं."

मनीष चष्मा घालून निघून गेला. आपण फार बोललो असं मला वाटत राहिलं.

रविवारी सकाळी मी तलावावर गेलो. शेठ एकटेच होते. बुडबुडे फुटत होते, पण त्यांनी बेडूक अजून फेकला नव्हता. थोड्या वेळाने बांधावरून मनीष आला, पुढे खुशी. खुशी आजोबांच्या बाजूला उभी राहिली. मनीष चालत जाऊन बरोबर त्यांच्या पाठीमागे उभा राहिला, छडी मागे घेतली की तिचं टोक जिथे येईल तिथे.

शेठनी छडी उचलली, मागे पाहिलं आणि खाली घेतली. "बाजूले व्हय."

"नही. तुम्ही फेका."

शेठ पाण्याकडे बघत राहिले. पलीकडे एक मरळ वर येऊन गेली, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मनीष," ते म्हणाले, "तव्हय लई दुखनं व्हतं का रे?"

"हा, बाऊजी. दुखनं व्हतं."

शेठनी मान हलवली. बेडूक उचलून त्याच्या पोटाखालून अंगठा फिरवला, मग छडी खुशीच्या हातात दिली. तिची बोटं रिळावर नीट बसवली आणि मागे येऊन मुलाच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मनीषने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

खुशीने छडी वर उचलली आणि वळून पाहिलं.

"दादू, हटो ना. लग जाएगा."

"लागू दे," शेठ म्हणाले.