चला ना इंदूरला

अभिमनच्या लग्नाला दीड महिना झाला होता, आणि एवढ्या काळात त्याने आपल्या बायकोच्या तोंडून सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती. दोष मंजुळाचा नव्हता, खोलीचा होता. पारोळ्याच्या त्या घरात नव्या जोडप्याला मिळालेली खोली मुळात कोठीची खोली होती. पलंगाच्या एका अंगाला ज्वारीची कोठी, दुसऱ्या अंगाला शेंगांचं पोतं आणि उशाशी डाळींचे डबे. "मी लहान असताना पाचोऱ्याला ना," अशी मंजुळाने सुरुवात केली, की दार वाजायचं. भिकुबाई आत्याला मुगाची डाळ हवी असायची. आत्या डाळ घेऊन गेली आणि मंजुळाने पुन्हा "मी लहान असताना" म्हटलं, की बेबाबाई वहिनीला शेंगा आठवायच्या. मंजुळा लहान असताना पाचोऱ्याला काय झालं होतं, हे अभिमनला अजून कळलं नव्हतं.

अभिमन बी.एस्सी. होता आणि धुळ्याला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. ओल्या कागदावर बी मांडायचं, ते ठरल्या तापमानाला ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं, हे त्याचं काम. चांगलं बी उगवत नसेल तर बियाला दोष देऊ नये, भोवतालची परिस्थिती तपासावी, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं. तोच नियम त्याने घरी लावला. परिस्थिती बदलायची, म्हणजे मंजुळाला घेऊन तीन दिवस इंदूरला जायचं. दोघांनीच.

एकदा ठरवल्यावर त्याने ते प्रयोगासारखंच हाती घेतलं. एस.टी.च्या कंट्रोलरला गाठून इंदूरच्या गाड्या विचारल्या. तिथल्या एका लॉजला पत्र घातलं, आणि 'डबल बेड, पंखा, संडास-बाथरूम आत' असं उत्तर आल्यावर ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून आठवडाभर फिरवलं. इंदूरची सासुरवाडी असलेल्या एका सहकाऱ्याकडून त्याने राजवाडा, काचमंदिर आणि सराफ्यातली खाण्याची दुकानं यांचा नकाशाही काढून घेतला.

राहता राहिली आबांची परवानगी. संध्याकाळी आबा, म्हणजे अभिमनचे वडील रुपचंद, ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. अभिमन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"आबा, तीन दिवस इंदूरला जाऊन यावं म्हणतो. आम्ही दोघं."

"इंदूर? तठे काय शे?"

"राजवाडा आहे, आबा. बघण्यासारखं गाव आहे."

आबा सुपारी कातरत राहिले. तसा अभिमन घाबरला आणि घाबरून माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो शिष्टाचाराने वागला.

"तुम्ही पण चला ना," तो म्हणाला.

आता पारोळ्यात 'चला ना' म्हणायची एक रीत आहे. जेवायला बसलेला माणूस दारावरून जाणाऱ्याला "चला जेवायला" म्हणतो आणि जाणारा "आत्ताच झालं" म्हणून पुढे जातो, मग त्याने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नसलं तरी. खरंच यायचं असलं तरी पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्या आग्रहाला उठायचं. एकदाच म्हटलेलं 'चला ना' कुणी उचललेलं अभिमनने जन्मात पाहिलं नव्हतं.

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "चाल, येतस आम्ही," ते म्हणाले. "धुयाना पुढे मी कधी गयाच नही."

दाराआडून अक्का, म्हणजे अभिमनची आई भागाबाई, म्हणाली, "तुम्ही चालनात तं मी एकली आठे काय करू?"

अभिमन कोठीच्या खोलीत आला आणि शेंगांच्या पोत्यावर बसला. मंजुळाने सगळं ऐकलं होतं.

"आता?" तो कुजबुजला.

"आता काय," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलणार तोच आत्या डाळीसाठी आली.

दुसऱ्या दिवशी अभिमन धुळ्याहून परतला तेव्हा आत्या पण येत होती. "इतला जोडे जाईसन ओंकारेश्वरनं दर्शन नही करं तं देव काय म्हनी?" असा तिचा सवाल होता. ओंकारेश्वर इंदूरजवळ असलं तरी अभिमनच्या नकाशात नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळेच निघालेले बघून थोरला भाऊ झुलाल म्हणाला, "बठ्ठा जाई राहिनात, मंग मीच काय घोडं मारं?" झुलाल येणार म्हणजे बेबाबाई वहिनी येणार, आणि वहिनीला इंदुरी साड्या घ्यायच्या होत्या. वहिनी येणार म्हणजे तिची दोन पोरं येणार, आणि पोरांना प्राणिसंग्रहालय बघायचं होतं.

एस.टी.चा बेत गेला आणि गनीभाईची जीप ठरली. लॉजला दुसरं पत्र गेलं, मग तिसरं. त्याचं उत्तर आलं: 'तीन मोठ्या खोल्या, जास्तीच्या गाद्या मिळतील, संडास-बाथरूम बाहेर.' हे कार्ड अभिमनने खिशात ठेवलं नाही.

या सगळ्यात त्याला सर्वांत खुपत होती ती मंजुळा. ती दुःखी दिसायला हवी होती, आणि ती तर खुशीत दशम्या लाटत होती, शेव पाडत होती. वहिनीच्या पोरांचे कपडे तीच भरत होती. आत्याला गाडीत मळमळतं म्हणून तिने लिंबं आणि आवळासुपारीसुद्धा जमवली होती. आणि एक दिवस तर शेजारचे उखर्डूनाना ओट्यावरूनच ओरडले, "काय रे अभिमन, जीप कितला वाजता निंघस? मी आन ताईबाई तयार शेतस!"

अभिमन तडक कोठीच्या खोलीत आला. "उखर्डूनानांना कुणी सांगितलं?"

"मी," मंजुळा म्हणाली. "नको नको म्हणत होते. मी तीनदा म्हटलं, तेव्हा हो म्हणाले."

"तीनदा? अगं, ते आपले कोण लागतात?"

"शेजारी."

"मंजुळा, आपण दोघांनी जायचं ठरवलं होतं. ते कार्ड दाखवलं तेव्हा हसली होतीस तू." त्याचा आवाज कुजबुजीतसुद्धा चढला. "तुला माझ्याबरोबर एकटीने जायचंच नव्हतं का? नसेल तर तसं सांग. मला वाईट वाटणार नाही."

त्याला अतिशय वाईट वाटलेलं होतं, हे त्या अंधाऱ्या खोलीतही दिसत होतं. मंजुळाने हातातला पोरांचा सदरा खाली ठेवला. पदर सावरून ती म्हणाली, "अहो, ऐका. मी काय म्हणते..."

"मंजुळा, शेंगा दे वं जराशा," म्हणत वहिनी आत आली.

निघायच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत गनीभाईची जीप दारात लागली. टपावर वळकट्या चढल्या. दशम्यांचं गाठोडं, शेवेचा डबा, पाण्याची बादली आत गेली. पुढे आबा आणि झुलाल, मागे बायका, बायकांच्या मांडीवर पोरं. उखर्डूनाना कडक इस्त्रीची टोपी घालून टोकाला बसले होते. त्यांच्यापलीकडे अभिमन आणि मंजुळासाठी जेमतेम पाय ठेवायला जागा उरली होती.

"चला, भाऊ," गनीभाई म्हणाले. "घाट में धूप लगेगी."

आबांनी नेहमीच्या सवयीने मागे वळून हाक दिली, "उखर्डू, म्हैसकडे ध्यान ठेव रे भो!"

"ठेवस ना, काळजी करू नका," उखर्डूनाना नेहमीच्या सवयीने म्हणाले, जीपमधूनच.

गोठ्यातून म्हैस ओरडली. ती नुकतीच व्याली होती. गेली वीस वर्षं हे घर बाहेरगावी गेलं की तिची, आणि तिच्या आधीच्या म्हशींची, धार उखर्डूनाना काढत आले होते. तेच आज इंदूरला निघाले होते.

"मी राहस," उखर्डूनाना टोपी काढत पडेल आवाजात म्हणाले.

"खबरदार!" नवं लुगडं नेसलेल्या त्यांच्या पत्नी ताईबाई कडाडल्या. "लगीननंतर पहिल्यांदा कोठे तरी नेई राहिनात."

कुणी कुणाकडे बघेना. तेवढ्यात डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून मंजुळा हळूच म्हणाली, "मी थांबते ना. मला दोहू देते ती."

अभिमनने जीपमधली डोकी मोजली. म्हणजे आता मधुचंद्राला तो जाणार होता आणि बरोबर बायको सोडून सगळे असणार होते.

"नवी नवरी एकली कशी राही?" आबा म्हणाले. "अभिमन, तू पन राह्य."

"लॉजमा नाव तेन्हं शे ना," झुलाल म्हणाला. अभिमनला त्या क्षणी सख्ख्या भावाचा गळा धरावासा वाटला. पण झुलालनेच तोडगा काढला, "हरकत नही, मी सांगसू का मीच अभिमन!"

"आन मी कोन मंग?" वहिनीने विचारलं. जीप हसून हलली. मंजुळामागोमाग अभिमन पटकन खाली उतरला. उतरल्यावर कुणाला शंका येऊ नये म्हणून त्याने चेहरा शक्य तितका पडलेला ठेवला.

गनीभाईंनी गिअर टाकला, तोच आत्याने आतून दांडा वाजवला. "थांब रे! पोरं एकली. मी बी राहस त्यासना सोबतीले. मनं पोट बी गाडीमा ढवळस." तिने एक पाय बाहेर काढला. मंजुळाने लिंबाची पिशवी पुढे केली, आवळासुपारी पुढे केली. आत्याने दोन्ही घेतलं आणि दुसरा पाय बाहेर काढला.

तेव्हा अक्काने आत्याचा दंड धरला आणि तिला गाठोड्यासारखं मागे ओढलं.

"बस खाले, भिकुबाई! पोरं काय लहान शेतस? ओंकारेश्वर तुना करता थांबेल शे."

देवाला थांबवणं बरं नाही, हे आत्याला पटलं. जीप निघाली. गल्लीत सडे घालणाऱ्या, चरव्या घेऊन दुधाला निघालेल्या बायका बघत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, ओट्यावर उभ्या असलेल्या मुलाकडे आणि सुनेकडे ढुंकूनही न बघता, अक्का ओरडली, "घरमा कोनी नही शे हं! बठ्ठा चालनात! तीन दिन दूध नही!"

अभिमनला काही कळेना. मंजुळाने त्याला दंडाला धरून आत घेतलं आणि दाराला कडी लावली. त्या दाराला उजेड असताना कडी लागलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

घर इतकं शांत होतं, की त्याला आपलाच श्वास ऐकू आला. मंजुळाने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला, ओसरीच्या मधोमध मांडी घालून बसली आणि बोलायला लागली.

"आता ऐका. त्या दिवशी तुम्ही आबांना चला म्हणालात आणि ते हो म्हणाले. म्हणजे बेत अर्धा मोडलाच ना? इंदूरला आबा-अक्का आणि इथं आत्या, वहिनी, पोरं. तिथं आपण एकटे नाही आणि घरही रिकामं नाही. मग मी म्हटलं, अर्धा मोडण्यापेक्षा पुरताच मोडू. आत्यांना ओंकारेश्वराचं मीच सुचवलं. वहिनींना साड्यांचं. एकेकाला तीन-तीनदा म्हणावं लागलं, तोंड दुखलं माझं."

"आणि उखर्डूनाना?"

"ते राहिले असते तर म्हशीला त्यांनीच बघितलं असतं. मग आपण कोणत्या कारणानं थांबलो असतो? शिवाय त्यांची खिडकी आपल्याच अंगणात उघडते."

अभिमन खाली बसला. सगळ्या गाड्या, खोल्या, गाद्या त्याने तपासल्या होत्या. म्हैस त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"मला सांगायचं तरी!"

"कधी? दोन शब्द बोलले की शेंगा लागतात कुणाला तरी."

"आणि अक्का? तिला सांगितलं होतंस?"

"एक अक्षर नाही," मंजुळा म्हणाली, आणि दोघंही थोडा वेळ बंद दाराकडे बघत राहिले.

पुढचे तीन दिवस गल्लीच्या लेखी त्या घरात कुणी नव्हतं. विकायचं नसलेल्या दुधाची त्यांनी बासुंदी केली, मग खवा केला, मग पुन्हा बासुंदी केली. म्हैस ओरडली की दोघं पळत जाऊन तिच्यापुढे पेंढी टाकायचे, तिनेही फारसा गाजावाजा केला नाही. आणि मंजुळा बोलत होती. ती लहान असताना पाचोऱ्याला काय झालं होतं ते तिने पहिल्याच दुपारी सांगून टाकलं. ते रेल्वे फाटकात अडकलेल्या एका बोकडाचं निघालं आणि अभिमन हसता हसता कोठीवर आपटला. मग तिने वहिनीची चाल करून दाखवली, अभिमनच्या मामांचं घोरणं करून दाखवलं, शेवटी मुलगी बघायला आलेला अभिमन कसा दिसत होता तेही करून दाखवलं. ते त्याला तितकंसं आवडलं नाही, पण त्याने ते तीनदा करायला लावलं.

चौथ्या दिवशी जीप परत आली. आत्याने अंगारा लावला, वहिनीने साड्या उलगडल्या, झुलालने लॉजवाल्याशी झालेलं भांडण सांगितलं. पोरं वाघाबद्दल ओरडत होती. उखर्डूनाना म्हशीला बघून आले आणि ती माजली आहे असं म्हणाले. आबा ओट्यावर टेकले. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. समोर उभ्या असलेल्या मुलाकडे बघून त्यांना एकदम भरून आलं.

"तुम्हनंच राही गयं ना रे पोरेहो," ते म्हणाले. "तुम्हना करता निंघेल बेत, आन तुम्हीच म्हैस राखत बसनात."

"चालायचंच, आबा," अभिमन म्हणाला. त्याने मान खाली घातली होती.

मंजुळा चहा घेऊन बाहेर आली. पदर नाकापर्यंत होता. तिने आबांपुढे कप ठेवला, अक्काच्या हातात बशी दिली आणि नुसत्या ओठांनी बोलावं तसं विचारलं, "आबा, रामेश्वरला जाऊन यायला किती दिवस लागतात हो?"

आबांचे डोळे चमकले. अक्काने बशी तोंडाला लावली, ती चहा संपला तरी खाली घेतली नाही.